धर्मग्रामातील एकी आणि आपले सामाईक कार्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सुटल्यावर चर्चच्या आवारात, कार्यालयाच्या खिडकीशी आणि व्हॉट्सॲपवर हे प्रश्न पुन्हा पुन्हा येत असतात. वसईच्या धर्मग्रामांत वेगवेगळी कामे करणाऱ्या आम्ही काही जणांनी ते एकत्र केले आहेत. उत्तरांत जी कलमे येतात ती चर्चच्या १९८३ च्या कायद्यातली, म्हणजे कॅनन लॉची आहेत. आमचा अनुभव असा, की धर्मग्रामातली एकी ठराव करून येत नाही. कुंपणाबाहेरचे एखादे काम सगळ्यांनी मिळून अंगावर घेतले की ती मागोमाग येते. खालची बरीच उत्तरे त्याच अनुभवातून आली आहेत.

१. धर्मग्राम म्हणजे नेमके काय? चर्चची इमारत, की हद्द?

दोन्ही नव्हे. कलम ५१५ प्रमाणे धर्मग्राम म्हणजे श्रद्धावंतांचा स्थिर समुदाय. बिशप तो एका धर्मगुरूच्या स्वाधीन करतात. हद्द असते, कारण कोणाची जबाबदारी कोणावर हे ठरावे लागते. इमारत नसली तरी धर्मग्राम असू शकतो. तलासरी-डहाणूकडच्या पाड्यांवर आंब्याखाली किंवा शाळेच्या ओट्यावर मिस्सा होते, तिथले लोक काही कमी धर्मग्रामस्थ ठरत नाहीत.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. प्रमुख धर्मगुरूंना दर रविवारी आणि बंधनकारक सणांना एक मिस्सा आपल्या धर्मग्रामातील सर्व लोकांसाठी अर्पण करावी लागते (कलम ५३४). त्या मिस्सासाठी कोणी दान दिलेले नसते, कोणाचे नाव वाचले जात नाही. जो वर्षभर चर्चला फिरकला नाही, त्याच्यासाठीही ती असते.

२. मी राहतो एकीकडे आणि मिस्साला जातो दुसरीकडे. मी कोणत्या धर्मग्रामाचा?

जिथे राहता, तिथला. कायम राहण्याच्या इराद्याने आलात तर पहिल्या दिवसापासून. तसा इरादा नसला तरी पाच वर्षे पूर्ण झाली की आपोआप (कलम १०२). तीन महिने राहणाऱ्यालाही तिथले तात्पुरते नाते मिळते. रविवारची मिस्सा मात्र कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये चालते.

अडचण येते ती लग्न, बाळाचा बाप्तिस्मा किंवा अंत्यविधीच्या वेळी. जिथे दहा वर्षे गेलात तिथल्या यादीत नाव नाही, आणि जिथे नाव असायला हवे तिथे कोणी ओळखत नाही. म्हणून नव्या इमारतीत राहायला गेलात की महिन्याभरात कार्यालयात जाऊन कुटुंबाची नोंद करून घ्या. भाड्याने राहत असलात तरीही.

३. प्रवचनात सारखा 'मिशन' शब्द येतो. म्हणजे धर्मांतर करायचे का?

नाही. हा प्रश्न आपल्या लोकांपेक्षा आपले हिंदू आणि मुसलमान शेजारी जास्त विचारतात, आणि त्यांना सरळ उत्तर मिळायला हवे. कोणाला जबरदस्तीने किंवा आमिष दाखवून श्रद्धेकडे ओढणे चर्चलाच मान्य नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ मधल्या मिशनकार्यावरील दस्तऐवजात तशी स्पष्ट मनाई आहे. २००७ साली ब्राझीलमधल्या अपारेसिडा इथे पोप बेनेडिक्ट यांनीही तेच सांगितले होते: चर्च वाढते ते आकर्षणाने, प्रचारी ओढाताणीने नव्हे.

मग मिशन म्हणजे काय? आजाऱ्याच्या घरी जाणे, भांडणाऱ्यांमध्ये मध्यस्थी करणे, मुलांना शिकवणे, पाणी आणि जमिनीच्या प्रश्नावर गावाबरोबर उभे राहणे, आणि कोणी विचारले की आपली श्रद्धा न लाजता सांगणे. हे काम फक्त फादर-सिस्टरांचे आहे हा समज जुना आणि चुकीचा आहे. आपल्याच वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया पुरोहित नव्हते. ते आधी व्यापारी होते, मग फ्रान्सिस्कन ब्रदर झाले, आणि १५९७ साली नागासाकीत हुतात्मा झाले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. दुभाषा म्हणून लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलणे, हे त्यांचे मोठे काम होते.

४. एका धर्मग्रामात इतक्या संघटना कशाला? सगळ्या मिळून एकच का करत नाहीत?

गरजा वेगवेगळ्या, म्हणून. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केली, ती गरिबांच्या घरी जाण्यासाठी. लिजन ऑफ मेरी १९२१ ची, डब्लिनची. तिचा भर प्रार्थना आणि भेटींवर. दोन्ही सामान्य श्रद्धावंतांनी उभ्या केल्या. युवक गट, महिला मंडळ, गायन मंडळ, वेदीसेवक यांचे प्रत्येकाचे आपले काम आहे.

खरी तक्रार वेगळी असते: तेच आठ-दहा चेहरे सगळीकडे दिसतात, आणि एका संघटनेला दुसरी काय करते याचा पत्ता नसतो. एकाच म्हाताऱ्या विधवेच्या घरी तिघे धान्य घेऊन जातात आणि शेजारच्या चाळीत कोणीच जात नाही. यावर उपाय साधा आहे. मदत घेणाऱ्या घरांची एकच यादी कार्यालयात ठेवा आणि महिन्यातून एकदा सगळ्यांनी ती समोर घेऊन बसा.

५. लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत होते तरी काय? मला चारचौघांत बोलता येत नाही.

बोलता आले पाहिजे अशी अट नाही. आळीतल्या किंवा इमारतीतल्या घरांचा हा समूह. मुंबई महाधर्मप्रांतात १९८० च्या दशकापासून याला जोर मिळाला, आणि त्या वेळी वसई त्याच महाधर्मप्रांतात होती.

बैठक साधारण अशी होते. कोणाच्या तरी अंगणात किंवा हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात. मधल्या स्टुलावर बायबल आणि मेणबत्ती असते. येत्या रविवारचे शुभवर्तमान एकदा वाचतात, थोडा वेळ शांत बसतात आणि पुन्हा वाचतात. ज्याला जे वाक्य भिडले, ते तो नुसते म्हणून दाखवतो. एवढ्यानेही पुरते. त्यानंतर येतो खरा महत्त्वाचा भाग: या पंधरवड्यात आपल्या आळीत कोण आजारी आहे, कोणाचे डायलिसिस चालू आहे, कोणाचा मुलगा दारूला लागला, कोणाच्या घरी कर्ज झाले. आणि कोण जाणार, हे तिथेच नावानिशी ठरते.

हा दुसरा भाग गळाला की समूह नुसता जपमाळेचा गट होतो. आम्हाला जपमाळ प्रिय आहे, पण समूह त्यासाठी काढलेला नाही. २०२० च्या टाळेबंदीत ज्या आळ्यांत समूह जिवंत होते तिथे कुठल्या घरात औषध संपले हे दुसऱ्या दिवशी कळत होते. बाकीच्या ठिकाणी फोन नंबर शोधण्यात आठवडा गेला. मयत झाल्यावरही हेच दिसते. घंटा वाजली की खड्ड्याची व्यवस्था कोण बघणार, फुलांची कोण, घरच्यांच्या जेवणाची कोण, हे ठरवायला कोणाला बैठक बोलवावी लागत नाही.

६. पॅरिश कौन्सिलला (धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळाला) अधिकार किती? फादरांनी ऐकलेच नाही तर?

कायद्याने कौन्सिल सल्ला देते (कलम ५३६). अंतिम निर्णय प्रमुख धर्मगुरूंचा. पण सल्ला द्यायचा म्हणजे मान डोलवायची असे नव्हे, आणि सल्ला घ्यायचा म्हणजे आधीच ठरवून मग विचारायचे असेही नव्हे. श्रद्धावंतांना आपले मत मेंढपाळांपुढे मांडण्याचा हक्क आहे. कधी कधी ते कर्तव्यही असते (कलम २१२). २०२४ च्या ऑक्टोबरात संपलेल्या सिनॉडच्या (रोममधल्या जागतिक चर्चसभेच्या) अंतिम दस्तऐवजाने अशी मंडळे सर्वत्र सक्तीची करावीत आणि ती खरोखर चालावीत, असे मागितले आहे. पोप फ्रान्सिस यांनी तो दस्तऐवज मान्य केला.

ऐकले गेले नाही तर क्रम असा धरा. मुद्दा लेखी द्या आणि इतिवृत्तात नोंदवा. फादरांशी एकटे बोला. मग डीनकडे (आसपासच्या काही धर्मग्रामांवर देखरेख करणाऱ्या फादरांकडे) आणि शेवटी बिशपांकडे जा. फेसबुकवर जाऊ नका. तिथे गेलेला एकही वाद आम्ही सुटलेला पाहिला नाही. उलट दोन्ही बाजूंच्या घरांतली मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात एकमेकांशी बोलेनाशी झालेली पाहिली आहेत.

७. दानपेटीतले पैसे जातात कुठे? विचारले की राग येतो.

विचारायचा तुम्हाला हक्क आहे. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असायलाच हवी. कौन्सिल हवी की नको हे बिशप ठरवतात; इथे तशी सवलत नाही (कलम ५३७). श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा असे कलम १२८७ सांगते. विशिष्ट कामासाठी दिलेली देणगी त्याच कामासाठी वापरावी लागते (कलम १२६७). छपरासाठी जमवलेले पैसे सणाच्या मांडवाला लावता येत नाहीत, मग कौन्सिलने एकमताने ठरवले तरीही.

आमचे स्पष्ट मत आहे की वर्षातून एकदा जमाखर्चाचा कागद सूचनाफलकावर लागलाच पाहिजे. निम्मे संशय तिथेच मिटतात.

८. मराठी, इंग्रजी, कोंकणी अशा मिस्सा वेगळ्या. मग एकाच चर्चमध्ये दोन-तीन धर्मग्राम झाल्यासारखे वाटते. काय करावे?

वसई रोड, नालासोपारा, विरारकडून हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो दुखरा आहे. गावातले लोक म्हणतात, हे चर्च आमच्या बापजाद्यांनी घाम गाळून उभे केले आणि आता आमचीच मिस्सा पहाटेची. इमारतींत राहायला आलेली मंगळुरी, गोवेकर किंवा दक्षिणेकडची कुटुंबे म्हणतात, आम्ही वीस वर्षे वर्गणी भरतो तरी पाहुणेच. दोघांचेही म्हणणे खरे आहे. ते एकमेकांना ऐकवले जात नाही, म्हणून ते साचत जाते.

प्रत्येकाला आपल्या भाषेत प्रार्थना करता यावी, यात एकीला काही धोका नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनच्या जागी लोकभाषा आल्या त्या याचसाठी. भाषेची मिस्सा बंद करून एकी साधणार नाही. पण वर्षातले काही प्रसंग सगळ्यांचे एकत्र असलेच पाहिजेत. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारच्या संध्याकाळची प्रभुभोजनाची मिस्सा मुळात एकच असावी. दुसरी करायची तर बिशपांची परवानगी लागते. तो दिवस हातचा जाऊ देऊ नका. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या आठवणीने त्या मिस्सात काहींचे पाय धुतात; त्यासाठी निवडताना एखादी कोळीण, एखादा मंगळुरी रिक्षावाला, एखादी केरळची नर्स, वाडीतला शेतकरी, पाड्यावरून आलेला मुलगा अशी माणसे घ्या. २०१६ पासून स्त्रियांचे पाय धुण्यालाही मुभा आहे.

आणि एक विनंती. एकत्र मिस्सा म्हणजे प्रत्येक प्रार्थना चार भाषांत म्हणणे नव्हे. तसे केले की मिस्सा दोन तास चालते आणि कोणीच प्रार्थना करत नाही. पहिले वाचन मराठीत, दुसरे इंग्रजीत, स्तोत्र कोंकणीत, श्रद्धावंतांच्या प्रार्थना ज्याच्या त्याच्या भाषेत. आणि गाणी सगळ्यांना येणारी. गायन मंडळांनी महिनाभर आधी एकत्र सराव करावा. त्या सरावात होणाऱ्या ओळखी मिस्सापेक्षाही पुढे जातात, हे आम्ही पाहिले आहे.

कामाचे वाटप मात्र भाषेप्रमाणे कधीच करू नये. रक्तदान, रुग्णभेट, नाल्याची सफाई, दहावीच्या मुलांचे वर्ग यांना भाषेची अट लागत नाही.

९. आम्ही केरळचे सिरो-मलबार. लॅटिन धर्मग्रामात आमचे स्थान काय?

तुम्ही तितकेच कॅथलिक आहात. तुमची पौर्वात्य परंपरा आणि इथली लॅटिन (रोमन) परंपरा वेगळी, पोप एकच. महाराष्ट्रातल्या सिरो-मलबार श्रद्धावंतांसाठी १९८८ साली कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. तुमची नोंद, लग्नाची कागदपत्रे आणि मुलांचा बाप्तिस्मा त्या धर्मप्रांताकडे येतो. लॅटिन चर्चमध्ये वर्षानुवर्षे मिस्साला गेल्याने परंपरा आपोआप बदलत नाही. लग्न ठरवताना याचा विसर पडतो आणि ऐनवेळी धावपळ होते. रविवारची मिस्सा, कम्युनियन (मिस्सात पवित्र भाकर घेणे), सेवाकार्य यांत काहीच आडकाठी नाही.

१०. कुपारी, वाडवळ, कोळी, आदिवासी असा भेद अजूनही दिसतो. चर्च गप्प का?

पूर्ण गप्प नाही, पण पुरेसे बोललेलेही नाही. भारतीय बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या डिसेंबरात दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा चर्चमध्ये जातिभेद चालतो हे मान्य करून त्याला गंभीर सामाजिक पाप म्हटले. आपल्याकडे भेदाचे रूप थोडे वेगळे आहे. बोली, पोशाख, जेवण, लग्नातल्या चालीरीती हे सगळे जपावे असेच आहे. त्यात आपली ओळख आहे. भेद तिथे सुरू होतो जिथे कौन्सिलवर एकाच समाजाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या बसतात, सणाचा मान ठरावीक घरांकडे राहतो, किंवा वारली मुलीला मुख्य वाचन द्यायला कोणी पुढे होत नाही. पॉलने गलतीकरांना लिहिले की ख्रिस्तात यहुदी किंवा ग्रीक असा भेद उरत नाही. आपल्या कौन्सिलची यादी समोर ठेवून ती ओळ वाचा.

११. नवे फादर आले आणि जुन्यांनी सुरू केलेले सगळे बंद पडले. हे बरोबर आहे का?

काही वर्षांनी बदली ही आपल्याकडची रीतच आहे. नव्या माणसाला सहा महिने तरी बघू द्यावे. पण फादर बदलल्यावर एखादे काम लगेच मेले, तर ते काम धर्मग्रामाचे नव्हते, त्या फादरांचे होते, असे आम्ही समजतो. ज्या कामाचा हिशेब, यादी आणि किल्ल्या लोकांच्या हातात असतात ते टिकते. बदलीची चिठ्ठी यायच्या आधीच तसे करून ठेवा.

१२. चुलत्यांशी जमिनीचा दावा चालू आहे. ते पुढच्या बाकावर बसतात. मी कम्युनियन घ्यावे का?

वसईत जमिनीचे भाव चढले तसे हे प्रश्न वाढले. कोर्टात न्याय मागणे पाप नाही. द्वेष धरणे, खोटी साक्ष देणे, बोलणे तोडून त्यांच्या मयतालाही न जाणे, हे वेगळे. प्रभूने सांगितले आहे की वेदीशी दान आणताना भावाचा राग आठवला तर आधी जाऊन समेट कर (मत्तय ५:२३-२४). दावा मागे घेणे शक्य नसेल तरी बोलणे सुरू करता येते. कबुलीच्या वेळी फादरांपाशी मोकळेपणाने बोला; प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते. आणि समूहातल्या कोणी जाणत्या माणसाने मध्यस्थी करायची तयारी दाखवली, तर नाही म्हणू नका.

१३. निवडणुकीत चर्चने कोणाला मत द्यायचे ते सांगावे का?

नाही. मतदान करा, विवेकाने करा, एवढे सांगणे पुरे. धर्मगुरूंनी पक्षीय राजकारणात सक्रिय भाग घेऊ नये असे कलम २८७ म्हणते. तुमचा पक्ष कोणताही असो, चर्चच्या आवारात आणि समूहाच्या व्हॉट्सॲप गटावर त्याचा प्रचार नको. पाणी, हिरवळ, जमीन, कचरा हे मात्र राजकारण म्हणून टाळण्याचे विषय नाहीत. १९८० च्या दशकाअखेरीस हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. त्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते, आणि त्यांच्याबरोबर सर्व धर्मांचे वसईकर होते.

१४. माझी पत्नी हिंदू आहे. ती धर्मग्रामाच्या कामात येऊ शकते का?

अवश्य. रुग्णभेट, शिकवणी, सणाची तयारी, समूहाची बैठक, गायन यांत तिचे मनापासून स्वागत व्हावे. कम्युनियन घेता येणार नाही आणि बाळाची धर्ममाता होता येणार नाही. धर्ममाता होण्यासाठी बाप्तिस्मा आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा दृढ करणारा संस्कार) झालेली, साधारण सोळा वर्षे पूर्ण केलेली कॅथलिक व्यक्ती लागते (कलम ८७४). नियम समजावताना आवाज कसा असावा याचे भान हवे. 'तुम्ही बसून राहा' असे बाकावर बोट दाखवून सांगितल्यामुळे कायमची दुरावलेली घरे आमच्या ओळखीची आहेत.

१५. घटस्फोट झाला आहे. मला आता कौन्सिलवर किंवा वाचनाला घेतील का?

नुसता घटस्फोट झाला असेल आणि दुसरे लग्न केले नसेल, तर कम्युनियनलाही अडथळा नाही. ही गोष्ट लोकांना माहीत नसते, आणि कित्येक स्त्रिया वर्षानुवर्षे विनाकारण मागच्या बाकावर बसून राहतात. नागरी पद्धतीने पुन्हा लग्न केले असेल तरी तुम्ही चर्चबाहेर नाही, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्येच लिहिले. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये अशा घरांना सोबत देण्यावर आणखी भर दिला. कम्युनियन आणि जबाबदारीच्या पदांबद्दल आधी फादरांशी बोला. पहिल्या विवाहाच्या वैधतेची तपासणी धर्मप्रांताच्या न्यायालयात होऊ शकते का, हेही विचारा.

१६. स्त्रियांना वाचक किंवा वेदीसेवक म्हणून रीतसर नेमता येते का?

होय, जानेवारी २०२१ पासून. अर्थसमिती आणि कौन्सिलवर तर त्याआधीही काहीच अडचण नव्हती. अडचण आपल्या सवयीची होती. (कौन्सिलच्या अधिकारांसाठी प्रश्न ६ पाहा.)

१७. मुलगा दुबईत, मुलगी कॅनडात. त्यांचा आपल्या धर्मग्रामाशी काय संबंध उरला?

राहतात तिथला धर्मग्राम त्यांचा (प्रश्न २). पण बाप्तिस्म्याची वही इथेच आहे, आणि दृढीकरण, लग्न यांची नोंद जगात कुठेही झाली तरी तिच्या समासात करावी लागते (कलम ५३५). तिकडे लग्न झाल्यावर नोंद इथे पोहोचली का, एवढे पालकांनी तपासावे. आणि सणाला पैसे पाठवणाऱ्या मुलांना त्या पैशांचे काय झाले, हेही कळवा.

१८. आमचा धर्मग्राम विभागणार म्हणतात. म्हणजे एकी मोडली ना?

विभागणी केवळ बिशप करू शकतात, आणि तीही धर्मगुरूंच्या मंडळाचा सल्ला घेऊन (कलम ५१५). लोकसंख्या वाढली, फादरांना घरोघरी जाणे अशक्य झाले, की हे करावेच लागते. वसई धर्मप्रांत स्वतःच २२ मे १९९८ रोजी मुंबईतून वेगळा झाला आणि थॉमस डाबरे पहिले बिशप झाले. मुंबईशी नाते काही तुटले नाही.

त्रास होतो तो कब्रस्तान, हॉल आणि सणाच्या मानावरून. आजोबांची कबर जुन्या चर्चपाशी आणि आपण नव्या हद्दीत, हे मनाला लागतेच. म्हणून हे तिन्ही विषय विभागणीआधी लेखी ठरवून घ्या: जुन्या कबरींवर कोणाचा हक्क, नव्या मयतांना जागा कुठे, पहिली पाच वर्षे हॉल कोणी कसा वापरायचा. नव्या धर्मग्रामात नोंद पहिल्याच महिन्यात करा. विभागणीपूर्वीच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या जुन्या कार्यालयातच राहतात, तेव्हा दाखला हवा असेल तर अर्ज तिथेच द्यावा.